चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर अजून कामावर कसा?

पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातल्या एका गॅरेजचा फोटो २०१६ साली जगभर फिरला होता. फोटोत धूळ आणि ग्रीसने माखलेला कॉमोडोर ६४ जातीचा कॉम्प्युटर होता, आणि तो चालू होता. गाड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचं बॅलन्सिंग करण्याच्या कामावर तो पंचवीसहून जास्त वर्षं होता. मध्ये एकदा गॅरेजमध्ये पुराचं पाणी शिरलं, त्यातूनही तो वाचला.

कॉमोडोर ६४ बाजारात आला १९८२ साली. ६४ किलोबाइट मेमरी, सेकंदाला साधारण दहा लाख ठोक्यांनी चालणारा प्रोसेसर, आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. मुलांना गेम खेळता यावेत, जमलं तर थोडं प्रोग्रॅमिंग शिकता यावं, म्हणून आईवडिलांनी विकत घ्यायची ही वस्तू. बनवणारी कंपनी १९९४ साली दिवाळखोरीत गेली. तरी अशी यंत्रं आजही काही ठिकाणी लोकांचं पोट चालवतायत. जुन्या कॉम्प्युटरांची हौस असणारे जगात भरपूर आहेत आणि त्या हौसेचं मला कौतुक आहे. पण इथे बोलायचंय ते हौसेखातर ठेवलेल्या यंत्रांबद्दल नव्हे. ज्यांच्यावाचून कुणाचं तरी काम अडेल, अशा यंत्रांबद्दल बोलायचंय.

आधी त्या शाफ्टचं गणित पाहू, कारण इतक्या कमी ताकदीत काम भागतं कसं हे त्यातून नीट कळतं.

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद पोचवणारा लांब, नळीसारखा दांडा. उभ्या ट्रकखाली वाकून पाहिलं की लगेच दिसतो. त्याचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं नसेल तर गाडी वेगात थरथरते आणि बेअरिंग लवकर जातात. म्हणून शाफ्ट मशीनवर चढवून फिरवतात. तो किती थरथरतो हे एक सेन्सर सांगतो आणि फेरा कुठून सुरू झाला हे दुसरा सांगतो. दोन्ही जुळवून जड बाजू कोणती ते काढायचं आणि तिच्या बरोबर समोर योग्य वजनाची पट्टी वेल्ड करायची.

आता समजा शाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला ५०, आणि एका फेऱ्याला २० मिलिसेकंद. सेकंदाला दहा लाख ठोके म्हटल्यावर एका फेऱ्यात प्रोसेसरला २०,००० ठोके मिळतात. फेऱ्याचे अंश ३६०, तेव्हा एका अंशाच्या वाट्याला साधारण ५५ ठोके येतात. कॉमोडोरच्या ६५१० या प्रोसेसरला एका आज्ञेसाठी दोन ते सात ठोके लागतात. म्हणजे शाफ्ट एक अंश फिरेपर्यंत दहा-पंधरा आज्ञा सहज उरकतात. सेन्सरचा आकडा उचलून मेमरीत ठेवायला तेवढ्या पुरतात. खरी आकडेमोड शाफ्ट थांबल्यावर करायची असते आणि तेव्हा घाई कुणालाच नसते.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ‘दोन ते सात’ ही. कुठल्या आज्ञेला किती ठोके लागतात हे पुस्तकात छापलेलं आहे, आणि ते काल होतं तेच आज आहे. आजच्या लॅपटॉपचा प्रोसेसर हजारो पटींनी वेगवान आहे खरा, पण आपला प्रोग्रॅम नेमका कुठल्या क्षणी चालेल हे तिथे आपल्या हातात नसतं. विंडोजला मध्येच अपडेट आठवतो, अँटिव्हायरस जागा होतो, आणि आपली पाळी चार-दहा मिलिसेकंदांनी पुढे जाते. ईमेल लिहिताना ते जाणवतही नाही. पण फिरता शाफ्ट दहा मिलिसेकंदांत अर्धा फेरा पुढे गेलेला असतो.

कॉमोडोरमध्येही एक भागीदार आहे. पडद्यावर चित्र काढणारी चिप अक्षरं वाचण्यासाठी चित्राच्या दर आठव्या रेषेला प्रोसेसरचे चाळीसेक ठोके काढून घेते. त्यावर उपाय म्हणजे पडदाच बंद करायचा. ५३२६५ क्रमांकाच्या जागेतला एक बिट शून्य केला की चित्र जातं आणि सगळे ठोके आपले होतात. कॅसेटवरून गेम लोड होताना टीव्ही कोरा व्हायचा तो यामुळेच.

या क्रमांकांबद्दल थोडं सांगायला हवं. या कॉम्प्युटरच्या मेमरीत ६५,५३६ जागा आहेत आणि गल्लीतल्या घरांना असतात तसा प्रत्येक जागेला क्रमांक आहे. त्यातल्या काही क्रमांकांमागे साठवण नसते, बाहेरच्या जगात जाणाऱ्या तारा असतात. मागच्या बाजूला ‘यूजर पोर्ट’ नावाची एक खाच आहे आणि तिच्या आठ तारा ५६५७७ या क्रमांकाला जोडलेल्या आहेत. ‘पोक’ म्हणजे अमुक क्रमांकाच्या जागेत अमुक आकडा टाक, ही आज्ञा. ‘पोक ५६५७९, २५५’ लिहून त्या आठही तारा बाहेर पाठवण्यासाठी आहेत असं सांगायचं. मग ‘पोक ५६५७७, १’ लिहिलं की पहिल्या तारेवर पाच व्होल्ट येतात. एक छोटा ट्रान्झिस्टर आणि रिले लावला की मोटर, घंटा, दिवा, हवं ते चालू करता येतं. ड्रायव्हर शोधा, परवानगी द्या, लायब्ररी उतरवून घ्या, यातलं काही नाही. बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत यंत्र तयार, आणि दोन ओळींत बाहेरची वस्तू हलते. ऐंशीच्या दशकात कितीतरी वर्कशॉपनी आणि प्रयोगशाळांनी घरगुती कॉम्प्युटर यंत्रांना जोडले ते या सोयीमुळे. खास औद्योगिक कॉम्प्युटर तेव्हा फार महाग होते.

आता सरळ प्रश्न येतो. आज काहीशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर हेच काम जास्त अचूक करतो. मग ही यंत्रं बदलत का नाहीत?

उत्तरासाठी अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सला जाऊ. तिथल्या १९ सार्वजनिक शाळांचं हीटिंग आणि एसी कॉमोडोर कंपनीचाच अमिगा जातीचा एकच कॉम्प्युटर सांभाळत असल्याची बातमी २०१५ साली आली. ऐंशीच्या दशकात बसवलेलं हे यंत्र रात्रंदिवस चालू होतं. बॉयलर, पंखे, पंप चालू-बंद करायचे आणि तापमानावर लक्ष ठेवायचं, हे त्याचं काम. प्रोग्रॅम लिहिला होता हायस्कूलमधल्या एका विद्यार्थ्याने. तो पुढे त्याच भागात राहिला आणि काही अडलं की शाळेची माणसं त्यालाच बोलवायची. अमिगा आणि शाळा एकमेकांशी सेकंदाला १,२०० बिट पाठवणाऱ्या मोडेमवरून, रेडिओ लहरींतून बोलत. गंमत अशी की देखभाल करणाऱ्या माणसांचे वॉकीटॉकीही त्याच लहरींवर होते. कधी कधी त्यांच्या बोलण्याचा अडथळा यायचा आणि मग पंधरा-पंधरा मिनिटं सगळ्यांना गप्प राहायला सांगावं लागे.

हे सगळं बदलायचा खर्च त्या वेळी १५ ते २० लाख डॉलर सांगितला गेला होता. जुना अमिगा तर त्याच्या हजाराव्या हिश्श्यातही मिळाला असता. बाकीचा पैसा १९ शाळांमध्ये हिंडून प्रत्येक बॉयलरजवळचं नियंत्रण नवं बसवण्याचा, नवी जोडणी करण्याचा आणि ऐन थंडीत वर्ग गार पडणार नाहीत याची तजवीज करण्याचा. माझ्या मते या विषयातलं मर्म इथेच आहे. लोक पेटीकडे पाहून हसतात आणि ‘नवा घ्या की!’ म्हणतात. पण पेटीची किंमत कधीच अडचणीची नसते. तिच्याभोवती वर्षानुवर्षं जमलेल्या तारा, सेन्सर, सवयी आणि हिशेब उचलून दुसरीकडे न्यायचे असतात. शिवाय रोज न चुकता चालणारी गोष्ट बंद करून नवी न चालली तर जबाबदार कोण, हाही प्रश्न असतोच.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या एका बेकरीत कॉमोडोर ६४ कॅश रजिस्टर म्हणून वापरतात. एका डच गृहस्थांनी आपल्या कॅम्पिंगच्या जागेचं बुकिंग स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने अटारी एसटी या कॉम्प्युटरवर दशकानुदशकं सांभाळलं. जपानमधल्या कारखान्यांत एनईसीचे पीसी-९८ मालिकेतले कॉम्प्युटर यंत्रांना जोडलेले आहेत आणि त्यांचे जुने नग आजही विकत घेतले जातात. तपशील वेगळे, कारण तेच.

संगीतकारांचं कारण मात्र निराळं आहे. अटारी एसटी १९८५ साली आला तेव्हा त्यात मिडी जोडणी आतच दिलेली होती. मिडी म्हणजे कीबोर्ड, सिंथेसायझर, ड्रम मशीन यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढंच ती सांगते. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराचा निरोप ३ बाइटचा आणि प्रत्येक बाइटमागे १० बिट, म्हणजे निरोप पोचायला एक मिलिसेकंदापेक्षा किंचित कमी वेळ लागतो. अटारीत हे बिट प्रोसेसरच्या ताब्यातल्या चिपमधून थेट बाहेर पडतात. आजच्या कॉम्प्युटरमध्ये तेच बिट ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर आणि यूएसबी अशी तीन दारं ओलांडून जातात आणि प्रत्येक दारावर कमीजास्त थांबतात.

त्रास उशिराचा होत नाही, ‘कमीजास्त’चा होतो. प्रत्येक ठेका पाच मिलिसेकंद उशिरा आला तर कानाला काही कळत नाही, वाजवणारा आपोआप सावरून घेतो. पण एक ठेका दोनने आणि पुढचा नऊने उशिरा आला की ताल लडखडतो. संगतीला तबलजी बसवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. म्हणून इंग्लंडमधले नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, यांच्यासारखे कलाकार नवी यंत्रं परवडत असतानाही अटारीवर काम करत राहिले. नव्या यंत्रांवर हा दोष आता बराच आटोक्यात आलाय, त्यामुळे आज त्यासाठी मुद्दाम अटारी शोधावा असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे आहे आणि ज्याची तीस वर्षांची गाणी त्यावर आहेत, त्याने तो का टाकावा, एवढंच.

कॉमोडोर ६४ मधल्या ‘सिड’ या ध्वनी-चिपची गोष्ट याच्याही पुढची. बॉब यानेस या तरुण अभियंत्याने ती रचली, आणि गेमचे बीप काढणारी चिप न बनवता छोटासा सिंथेसायझर बनवायचा हे मनाशी धरूनच रचली. तिच्यात तीन स्वर आहेत आणि आवाजाला धार किंवा मऊपणा देणारा फिल्टर अॅनालॉग आहे. म्हणजे आकड्यांची गणितं न करता प्रत्यक्ष विजेच्या प्रवाहाने चालणारा. कारखान्यातल्या बारीकसारीक फरकांमुळे दोन सिड चिपांचे फिल्टर अगदी सारखे नसतात. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीने १९९९ साली खऱ्या सिड चिपा बसवून एक सिंथेसायझर काढला. चिपा नव्याने बनत नव्हत्याच, मिळाल्या तेवढ्यांवर ते उत्पादन चाललं.

लेखकांचं कारण समजायला सोपं आहे. ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ हा १९८३ सालचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा, मांडीवर मावणारा कॉम्प्युटर वार्ताहरांचा लाडका होता. काहीजण तो आजही मसुदे लिहायला वापरतात, कारण त्यात लिहिण्याशिवाय फारसं काही करताच येत नाही. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ साली जाहीरपणे सांगितलं होतं की ते इंटरनेट नसलेल्या, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर वर्डस्टार ४.० या जुन्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये लिहितात. यात नुसती एकाग्रताच नाही, वेगही आहे. पट्टी दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत किती वेळ जातो हे डॅन लू या अभियंत्याने २०१७ साली अनेक यंत्रांवर मोजलं. १९८३ सालच्या अॅपल टू-ई ला ३० मिलिसेकंद लागले. त्याने तपासलेल्या कितीतरी नव्या कॉम्प्युटरांना शंभरच्या पुढे लागले.

शिकवण्याच्या बाबतीत मी या यंत्रांचा उघड पक्षपाती आहे. ६५०२ जातीच्या प्रोसेसरमध्ये (कॉमोडोरचा ६५१० त्यातलाच) साधारण साडेतीन हजार ट्रान्झिस्टर आणि ५६ आज्ञा. एखाद्या चिकाटीच्या मुलाला काही महिन्यांत हे अख्खं यंत्र डोक्यात बसवता येतं, पट्टीपासून पडद्यापर्यंत. आजच्या फोनबद्दल असं म्हणू शकेल असा एकही माणूस नाही, तो बनवणाऱ्यांतही नाही. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारातल्या नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगमध्ये बीबीसी मायक्रो या जुन्या कॉम्प्युटरांचा एक वर्गच मांडलेला आहे आणि शाळेची मुलं तिथे बसून प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहितात. आपल्याकडच्या पन्नाशीच्या आसपासच्या काही वाचकांना बीबीसी मायक्रो हे नाव ओळखीचं वाटेल. केंद्र सरकारने १९८४-८५ साली शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुमारे २५० शाळांत पोचलेला कॉम्प्युटर हाच. त्यातला एखादा कुठल्या शाळेच्या कपाटात पडून असेल तर भंगारात देण्याआधी विज्ञानाच्या शिक्षकांना एकदा दाखवा, ही मनापासून विनंती.

आता दुसरी बाजू. ही यंत्रं अमर नाहीत, आणि ती बंद पडण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

कॉमोडोर ६४ चा जुना पॉवर सप्लाय हा सगळ्यांत मोठा वैरी. तो विटेसारखा जड असतो आणि आतला भाग राळ ओतून बंद केलेला असतो, त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही. आतला रेग्युलेटर वर्षानुवर्षं तापून एके दिवशी जातो. जाताना तो शून्य व्होल्ट देत नाही, पाचाच्या जागी जास्त व्होल्ट देऊ लागतो, आणि मेमरीच्या चिपा जळतात. माळ्यावरून काढलेलं यंत्र उत्साहाने लगेच प्लगला लावणं हा ते मारायचा खात्रीचा मार्ग. आधी मल्टिमीटरने मोजा. ५.२५ व्होल्टच्या वर गेला तर तो सप्लाय कायमचा बाजूला ठेवा. बरोबर पाच दाखवला तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही, कारण तो बिघडतो तापल्यावर आणि भार पडल्यावर. नवे, सुरक्षित सप्लाय मिळतात, तेच वापरावेत.

अमिगा २००० मध्ये घड्याळासाठी मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती गळते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते. वरून काही दिसत नसलं तरी ती कापून काढावी. जुने कपॅसिटर सुकतात किंवा गळतात, ते बदलता येतात. सगळ्यांत नाजूक फ्लॉपी. चुंबकीय थर उतरत जातो, आणि सोनीने २०११ साली साडेतीन इंची फ्लॉपी बनवणं थांबवल्यापासून बाजारात उरलाय तो जुनाच साठा. म्हणून आता बरेचजण फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा ‘गोटेक’ बसवतात. कॉम्प्युटरला वाटतं फ्लॉपी आहे.

बाकी दुरुस्तीला ही यंत्रं मोठी सोपी. चिपा मोठ्या, पाय दिसणारे, काही तर सॉकेटमध्ये नुसत्या खोचलेल्या. कॉमोडोर ६४ च्या प्रोग्रॅमरांसाठीच्या अधिकृत पुस्तकात अख्खं सर्किट छापलेलं होतं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही जाणता कारागीर ते वाचून काम करू शकतो. सुट्या भागांचं चित्र संमिश्र आहे. ६५०२ ची सुधारित आवृत्ती अमेरिकेतली वेस्टर्न डिझाइन सेंटर ही कंपनी आजही विकते. पण स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरसह असंख्य यंत्रांत बसलेल्या, १९७६ सालच्या झेड-८० या प्रोसेसरची मूळ चिप झायलॉगने २०२४ साली बंद केली.

मूळ यंत्र गेलंच तर दोन पर्याय उरतात. पहिला इम्युलेटर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर जुन्याचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम. कॉमोडोरसाठी ‘व्हाइस’ हा फुकट मिळतो आणि उत्तम आहे. हिशेब, याद्या, मसुदे अशा कामांना तो पुरतो. मात्र वर सांगितलेली ठोक्यांची शिस्त तिथे विंडोजच्या हातात जाते. दुसरा पर्याय एफपीजीए. ही अशी चिप असते की तिच्या आतली जोडणी आपण ठरवू तशी करता येते. तिच्यात जुन्या चिपांचं सर्किट नव्याने रचतात, त्यामुळे ठोके ठोक्याला जुळतात आणि चांगल्या बोर्डांना जुन्या खाचाही असतात. फिरता शाफ्ट किंवा बॉयलर जोडायचा असेल तर मी इम्युलेटरच्या वाटेला जाणार नाही, एफपीजीए घेईन.

सुरक्षिततेबद्दल हमखास विचारलं जातं. नेटला न जोडलेल्या कॉमोडोरवर आजचा व्हायरस चालणार नाही हे खरं. पण त्या काळातल्या यंत्रणांत पासवर्ड वगैरे प्रकार फारसा नसे. ग्रँड रॅपिड्ससारखा रेडिओवरून आदेश देणारा सेटअप असेल तर तो कुणीही ऐकू शकतो, हे धरूनच चालावं.

खरा धोका मला वेगळा दिसतो. प्रोग्रॅम लिहिणारा तो विद्यार्थी त्याच गावात राहिला हे ग्रँड रॅपिड्सचं नशीब. बहुतेक ठिकाणी तो माणूस निवृत्त होतो, गाव सोडतो, आणि कुठली तार कशाची हे कुठेच लिहिलेलं नसतं. तुमच्या वर्कशॉपमध्ये, छापखान्यात किंवा प्रयोगशाळेत असं एखादं जुनं यंत्र असेल, घरगुती कॉम्प्युटर असो की जुना डॉसचा पीसी, तर ते चांगलं चालू असतानाच कामाला लागा. आधी फ्लॉपींच्या प्रती करा. कॉमोडोरच्या फ्लॉपीची एक बाजू म्हणजे साधारण १७० किलोबाइट, अख्खा खोका एका पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल. मागच्या तारांवर चिठ्ठ्या लावून फोटो काढा. मग ती प्रत इम्युलेटरवर चालवून पाहा. प्रोग्रॅम तिथे सुरळीत चालला तर तुमचं काम त्या पेटीला बांधलेलं नाही, सावकाश हलवता येईल. आणि तो सुरू होऊन एखाद्या जागी वाट पाहत थांबला, तर तो बाहेरच्या कुठल्यातरी तारेवरच्या सिग्नलची वाट पाहतोय असं समजा. त्या तारेचं दुसरं टोक कुठे जातं ते सध्याच्या मिस्त्रींना शेजारी उभं करून विचारा आणि वहीत लिहून घ्या.